मालमोटारीवरील अक्षरे : एक अर्थसांस्कृतिक टिपण

१९५४ साली जमशेदपूर येथे टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्यातून मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. कारखान्यातून बहुधा केवळ सांगाडाच बाहेर पडे. केबिन व हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधीत आणि रंगारी त्यावर मालकाच्या पसंतीची अक्षरे रेखाटी. एक-दोन गाड्यांच्या छोट्या मालकांच्या हाती व्यवसायाचा मोठा भाग असल्याने आराध्यदैवत, मुलांची नावे, शेर, गावाचा पत्ता असा खाजगी मजकूर राष्ट्रीय महामार्गावर आला. नामक्कलची तमिळ आणि पंजाबची गुरुमुखी एकाच ढाब्यासमोर शेजारी उभ्या राहिल्या. जकात नाक्यांवरील व राज्यसीमांवरील सक्तीच्या खोळंब्याने या मजकुराला वाचकही मिळवून दिला.

ही चौकट आता बदलली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ या अक्षरांवर बंदी घातली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर सीमेवरील करनाके उठले. कारखान्यातच घडलेल्या केबिनींचे प्रमाण वाढले. म्हणूनच या ओळींचे केवळ संकलन अपुरे ठरते. मालक, मार्ग आणि माल यांची नोंद नसेल, तर अभ्यासकाच्या हाती अर्धीच संहिता उरते.