वचनाचा अर्धा भाग: पाटगाव प्रकल्पाच्या समर्थकांना उत्तर

पाटगावच्या नियोजित 2100 मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाला भुदरगड-कागल भागातून विरोध झाला, तेव्हापासून एक मत जाणत्या मंडळींतही रूढ होऊ लागले आहे. देशाला वीज हवी आणि कोळसा तर कमी करायचा आहे. सूर्य संध्याकाळी मावळतो. म्हणून दिवसाच्या विजेने पाणी वर चढवायचे आणि रात्री खाली सोडून वीज घ्यायची. त्यासाठी सह्याद्रीच्या कड्याइतकी सोयीची जागा नाही. मग राष्ट्राच्या ध्येयासाठी थोडे जंगल गेले, तर वेदगंगेकाठच्या मुरगूडकरांनी ओरड का करावी?

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. 2030 पर्यंत 500 गिगावॉट अजीवाश्म वीजक्षमता उभारायची, तर साठवण लागेलच. भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. वाढीचा आपला हक्क कोणी नाकारू नये. एवढे मान्य करूनही निष्कर्ष मान्य करता येत नाही.

पहिला आक्षेप ध्येयाविषयीच आहे. पॅरिस करारासाठी भारताने केवळ विजेचे वचन दिलेले नाही. जंगले आणि वृक्षाच्छादन वाढवून 2030 पर्यंत 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल इतकी जादा क्षमता निर्माण करण्याचे वचनही त्यातच आहे. एका कलमासाठी दुसरे मोडायचे, याला वचनपूर्ती म्हणावे काय? जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावू, असे उत्तर येते. पण माळावर लावलेली रोपे आणि पाटगावचे सदाहरित रान एकाच मापाने कसे मोजणार? त्याच रानाच्या फुलोऱ्यावर पाटगाव ‘मधाचे गाव’ म्हणून नावारूपाला आले. ते उत्पन्न बदली रोपांबरोबर स्थलांतरित होत नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि तो आमच्या जिव्हारी लागणारा आहे. समर्थक म्हणतात, पाणी संपत नाही. तेच पुन्हा पुन्हा फिरते. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. पण पहिली भरणी कोठून होणार? दर उन्हाळ्यात बाष्पीभवनाची तूट कोणाच्या वाट्यातून भरणार? पाटगावच्या धरणातून सुटलेले पाणी गारगोटी, मुरगूड आणि पुढे निपाणीकडच्या गावांपर्यंत वेदगंगेने जाते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडते, मग मोटारींनी उसाला मिळते. त्या उसावर बिद्री आणि हमीदवाड्याचे साखर कारखाने चालतात. उपसाबंदीत उभा ऊस वाळताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे पाणी ‘शिल्लक’ आहे असे कोण पटवील? ही अर्थव्यवस्थाच आहे. ती राष्ट्रीय वाढीच्या बाहेर कधीपासून गेली?

आधी श्रीमंती, मग निसर्ग, हा युक्तिवाद थोडक्यात निकालात काढता येतो. त्याला अर्थशास्त्रात आधार दिला जातो तो ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांच्या 1991 च्या अभ्यासाचा. तो शहरांतल्या हवेच्या प्रदूषणाचा होता. गंधकाचा धूर पैशाने कमी करता येतो. सह्याद्रीचे जंगल पैशाने परत आणता येत नाही.

तिसरा मुद्दा पुराचा आणि गाळाचा. 2021 च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगा पुणे-बंगळूर महामार्गावर आली आणि वाहतूक ठप्प झाली. अतिवृष्टीपुढे जंगल सर्वशक्तिमान नाही, हे खरे. तरी पाणलोट उघडा पडला की पुराबरोबर गाळ येतो आणि धरणाचे पोट भरत जाते. मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात रस्त्याची दुरुस्ती जमेला पडते, धरणाची घटलेली साठवण कोठेच पडत नाही. अशा गणिताला वाढ म्हणायचे?

मग साठवण नकोच का? हवी. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प महाराष्ट्राने चालवून दाखवला आहे. तंत्राला आमचा विरोध नाही. बंद कोळसा खाणींच्या खड्ड्यांत असे प्रकल्प उभारण्याचा विचार खुद्द केंद्रीय कोळसा मंत्रालयाने मांडला आहे. आणि विकास व रान एकत्र नांदत नाहीत म्हणणाऱ्यांनी राधानगरी पाहावी. राजर्षी शाहूंनी तिथे धरणाचे काम सुरू केले. भोवतीच्या दाजीपूरच्या रानाला 1958 मध्ये अभयारण्याचे संरक्षण मिळाले. ते धरण आजही करवीरची शेती भिजवते.

निवाडा वाचकांनी करावा. पण पाटगावच्या पाण्याचा वाटा, तुटणाऱ्या रानाचे क्षेत्र आणि पर्यायी जागांची तुलना मराठीत छापून वेदगंगेकाठच्या प्रत्येक ग्रामसभेपुढे आणि मुरगूड नगरपरिषदेपुढे येत नाही, तोवर या प्रकल्पाला संमती देऊ नये.