वाचून वाचून संपलेल्या कादंबऱ्या

मुंबई-ठाण्यात बसून तुम्ही ऑनलाइन पुस्तक मागवलंत, तर ते आमच्या भिवंडीहून यायची शक्यता बरीच आहे. यंत्रमागांचं हे गाव, पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरी मुंबईला खेटून. त्यामुळे माणकोली, काल्हेर, पूर्णा या बाजूला गोदामं उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच गेली. चार्जरपासून चपलेपर्यंत सगळं इथे बारकोड लावून बसलेलं असतं.

आता या गोदामांकडे बाबूराव अर्नाळकरांची एखादी रहस्यकथा मागून बघा. बहुतेक वेळा सर्च रिझल्ट शून्य. माणसाने हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ. त्यातली मोजकी पुस्तकं नव्याने छापली गेली, बाकीची बाजारात नाहीत. गुरुनाथ नाईकांचं तेच. हजारावर कादंबऱ्या लिहून ते २०२१ मध्ये गेले, आणि आपल्या वयाच्या किती जणांनी त्यांची एक तरी वाचलीय?

मला पूर्वी वाटायचं, जे चांगलं ते टिकतं आणि बाकीचं जातं. सोपा हिशोब! पण मराठी कादंबरीचा इतिहास जरा खणला की हा हिशोब चुकायला लागतो. कादंबरी टिकते की नाही, हे ती किती वाचली गेली यावर ठरत नाही. ती कोणी जपली यावर ठरतं. आणि कधी कधी या दोन गोष्टी चक्क एकमेकींच्या विरुद्ध जातात.

रहस्यकथाच घ्या. स्वस्त कागद, पातळ बांधणी, खिशाला परवडणारी किंमत. वाचनालयातून एक प्रत शंभर हातांतून फिरायची. कोपरे दुमडायचे, शिवण उसवायची, शेवटचं पान गायब व्हायचं (आणि रहस्यकथेचं शेवटचं पान गायब म्हणजे काय, ते वाचणाऱ्यालाच विचारा!). मग ती प्रत निर्लेखनाच्या यादीत आणि तिथून रद्दीत. शेजारच्या कपाटात कोणी हात न लावलेला जाडजूड ग्रंथ मात्र पन्नास वर्षं ठणठणीत. थोडक्यात, जे जास्त वाचलं गेलं तेच आधी संपलं. 'हे काय साहित्य आहे?' म्हणून ते जपावं असं फारसं कोणाला वाटलंही नाही.

विनोदाचं दुखणं वेगळं. मराठी विनोद मुख्यतः लेखात, कथेत आणि दिवाळी अंकात रमला. विनोदी कादंबरी त्या मानाने कमी, आणि तिला हक्काचं कपाटही नाही. रमेश मंत्रींचंच बघा. जेम्स बाँडची टर उडवायला त्यांनी 'जनू बांडे' नावाचा गुप्तहेर उभा केला. हे मंत्री १९९२ च्या कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते! तरी आज जनू बांडे म्हटल्यावर समोरचा विचारतो, "कोण, नवीन जॉइन झालाय का?"

भाऊ पाध्यांची 'वासूनाका' (१९६५) माहीत असते, कारण तिच्यावर आचार्य अत्र्यांनी झोड उठवली होती. वादाने पुस्तक जगवलं म्हणायचं. पण मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या माणसाचे हाल सांगणारी त्यांची 'वैतागवाडी' किती जणांनी वाचलीय? होमलोनचे हप्ते भरणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

गंभीर साहित्याला तरी समीक्षक मिळतात, म्हणून ते सुरक्षित असेल, असं तुम्ही म्हणाल. अंशतः खरं आहे. मर्ढेकर कवी म्हणून पाठ्यपुस्तकात पोचले, पण संज्ञाप्रवाहाचं तंत्र वापरणारी त्यांची 'रात्रीचा दिवस' (१९४२) अभ्यासकांपुरतीच उरली. कमल देसाईंच्या 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' (१९७५) या दोन लघुकादंबऱ्यांचं नाव लेखांतून येतं, हातात पुस्तक क्वचित दिसतं. इथे नाव टिकलं, वाचक गेला. रहस्यकथेच्या बरोब्बर उलट!

मग शोधायचं कसं? आपल्याआधी एका माणसाने हे काम करून ठेवलंय. शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयं धुंडाळून १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली. १९३८ ते १९५० चा पुढचा खंड १९६१ मध्ये आला. ना कॉम्प्युटर, ना डेटाबेस. पुस्तकाची नोंद करताना ते थोर आहे की फुटकळ, हे त्यांनी बघितलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर दात्यांनी इंडेक्स बनवला. आज भीती अशी आहे की इंडेक्समध्ये एन्ट्री राहील आणि फाइल मात्र गेलेली असेल.

आणि इथे घड्याळही चालू आहे. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०१७ पासून मोकळं. चिमणराव-गुंड्याभाऊवाले चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे २०२४ पासून मोकळे. अर्नाळकर आणि भाऊ पाध्ये, दोघेही १९९६ मध्ये गेले. म्हणजे १ जानेवारी २०५७! तोवर प्रकाशक बंद पडलेला असला आणि वारस सापडत नसला, तर कोणी स्कॅन करून जाहीर ठेवायचं धाडस करत नाही. कायदा २०५७ पर्यंत थांबेल, पण तो पिवळा कागद थांबेल का?

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' २०१३ च्या सिनेमाने परत दुकानात आणली. पण प्रत्येक कादंबरीच्या नशिबी सिनेमा नसतो. बाकीच्यांसाठी आपणच आहोत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. दोन्ही आपल्या रोजच्या लोकलच्या वाटेवर. एखाद्या शनिवारी जा, सभासद व्हा, आणि ग्रंथपालांना नव्या पुस्तकांऐवजी विचारा, "तुमच्याकडे वर्षानुवर्षं कोणी न नेलेलं काय आहे? आणि फाटलं म्हणून बाजूला काय ठेवलंय?" घरच्या माळ्यावरचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत पडायच्या आधी एकदा उघडून बघा. अर्नाळकर निघाले तर शेवटचं पान आहे ना, ते आधी तपासा.

असो. गोदामांच्या गावात राहून एवढंच कळलंय, की साठवण्याजोगं काय हे बाजार त्याच्या हिशोबाने ठरवतो. आपला हिशोब आपण वेगळा ठेवायला हरकत नाही.