लष्कराच्या बराकींतून वसलेलें नगर

युद्ध संपलें म्हणजे सैन्य निघून जातें. परंतु सैन्यासाठीं उभारलेल्या भिंती आणि छपरें मागें राहतात. त्या रिकाम्या छपरांचें काय करावयाचें, हा प्रश्न १९४५ सालानंतर जगांतील अनेक देशांपुढें उभा राहिला. मुंबई सरकारला त्यावर फार खल करीत बसण्यास अवसरच मिळाला नाहीं. छपरें रिकामीं होत होतीं आणि त्याच सुमारास बेघर माणसांचे लोंढे बंदरावर येऊन उतरत होते.

त्या काळच्या मुंबईची स्थिति प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. आज ज्या प्रदेशास बृहन्मुंबई म्हणतात, त्याची वस्ती १९४१ च्या शिरगणतींत सुमारें १८ लक्ष होती. १९५१ सालीं ती ३० लक्षांच्या घरांत गेली. दहा वर्षांत माणसें वाढलीं, पण त्या मानानें घरें वाढलीं नाहींत. युद्धामुळें सिमेंट व लोखंड यांवर नियंत्रण आलेलें होतें, आणि नवीन चाळ बांधणें सामान्य मालकाच्या आवांक्याबाहेर गेलें होतें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या भाडेकरूस संरक्षण मिळालें खरें. परंतु नव्यानें बिऱ्हाड शोधणारास पागडीवांचून खोली मिळणें कठीण झालें. शहरांत जागा न मिळालेला माणूस साहजिकच अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या बाजूस वळूं लागला. हीं सर्व स्थळें तेव्हां मुंबई नगरपालिकेच्या हद्दीबाहेर होतीं. अंधेरी व घाटकोपर १९५० सालीं आणि बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं बृहन्मुंबईंत समाविष्ट झालीं.

अशा दाटींत फाळणीचा आघात झाला. १९४८ च्या जानेवारीच्या ६ तारखेस कराचींत दंगल उसळली आणि तोंवर सिंधमध्यें तग धरून राहिलेल्या हिंदु कुटुंबांचाहि धीर सुटला. आगबोटींतून व आगगाड्यांतून तीं मुंबई इलाख्यांत येऊं लागलीं. १९५१ च्या शिरगणतींत मुंबई राज्यांतील निर्वासितांची संख्या तीन लक्षांहून अधिक भरली. इतिहासाचा योगायोग असा कीं, १९४८ सालींच फेब्रुवारीच्या २८ तारखेस ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, गेटवे ऑफ इंडियाच्या कमानींतून संचलन करीत मायदेशीं निघाली. एका धक्क्यावरून परकी सैन्य जात होतें. दुसऱ्या धक्क्यावर आपलींच माणसें परकीं होऊन उतरत होतीं.

या माणसांसाठीं ठिकठिकाणीं छावण्या उघडण्यांत आल्या. उपनगरांतील मुलुंड कॉलनी व चेंबूर कॅम्प हीं नांवें त्या दिवसांचीं साक्षीदार आहेत. परंतु या उपनगरांत मावतील अशीं माणसें थोडीं. म्हणून घाटकोपर, मुलुंड, ठाणें ओलांडून जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर, कल्याणच्या पलीकडे सरकारची दृष्टि गेली. तेथें उल्हास नदीच्या खोऱ्यांत युद्धकाळीं एक विस्तीर्ण लष्करी तळ उभारलेला होता. त्याचे पांच कॅम्प होते व त्यांत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. सैन्य गेल्यावर तो तळ ओस पडला होता. निर्वासितांस तेथें नेऊन ठेवण्याचा निर्णय झाला आणि पाहतां पाहतां त्या बराकी भरून गेल्या.

बराक ही शिपायासाठीं बांधलेली वास्तु. शिपायास खाट टेकण्यापुरती जागा व डोक्यावर छप्पर मिळालें म्हणजे भागतें. त्याचें अन्न सामायिक मुदपाकखान्यांत शिजतें, आणि बायकामुलें दूर गांवीं असतात. संसाराची गोष्ट निराळी. संसारास चूल लागते, मोरी लागते, आडपडदा लागतो. त्या लांबच लांब बराकींत एका कुटुंबाच्या व दुसऱ्या कुटुंबाच्या मध्यें गोणपाटाचा पडदा तेवढा असे. पाण्याचे नळ सामायिक, शौचकूप सामायिक. सिंधमध्यें ज्यांचे वाडे व पेढ्या होत्या, त्यांनाहि याच पडद्याआड दिवस कंठावे लागले. पुढें पडद्याच्या जागीं भिंत आली, दारापुढें ओटा आला, मागें मोरी निघाली, आणि बराकीचें हळूहळू घर झालें. आजहि त्या नगरांतील पत्त्यांत ‘बराक नंबर’ व ‘कॅम्प नंबर’ लिहिले जातात.

या वसाहतीस नगराचा दर्जा देण्याचें ठरलें, तेव्हां ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिची कोनशिला बसली आणि नदीवरून ‘उल्हासनगर’ हें नांव मिळालें. १९५१ सालीं तेथें सुमारें ८० हजार वस्ती होती. तथापि केवळ छपरानें नगर वसत नाहीं. स्त्रियांनीं घरोघर पापड व लोणचीं करण्यास आरंभ केला. पुरुष तो माल व इतर किरकोळ जिन्नस घेऊन मुंबईकडील गाड्यांतून विकूं लागले. रोजगार मुंबईंत आणि बिऱ्हाड कल्याणपलीकडे, यामुळें आगगाडी हाच त्या वसाहतीचा प्राण होता. उल्हासनगर हें स्वतंत्र स्टेशन मात्र १९५५ सालीं झालें.

या प्रकारास इंग्लंडांतील एक घटना ताडून पाहण्याजोगी आहे. १९४६ च्या उन्हाळ्यांत तेथील बेघर कुटुंबांनीं सरकारी आज्ञेची वाट न पाहतां रिकाम्या लष्करी छावण्या व्यापल्या. ऑक्टोबरपर्यंत इंग्लंड व वेल्समधील १,०३८ छावण्यांत ३९,५३५ माणसें शिरलीं होतीं. सरकार प्रथम बिचकलें. परंतु अखेर बहुतेक ठिकाणीं स्थानिक संस्थांस त्यांच्या पाण्याची व दिव्याची सोय करणें भाग पडलें. तेथें लोक आधीं शिरले व सरकार मागून आलें; येथें सरकारनेंच दारें उघडलीं. परंतु दोन्हीकडे एकच गोष्ट दिसून आली. तात्पुरती म्हणून दिलेली जागा सहसा तात्पुरती राहत नाहीं.

उल्हासनगरास याच गोष्टीची किंमत मोजावी लागली. राहणारास छप्पर मिळालें. पण तें त्याचें स्वतःचें कीं सरकारचें, हें कित्येक वर्षें अनिश्चित राहिलें. १९५४ च्या निर्वासित नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्यानें, मागें राहिलेल्या मिळकतीच्या मोबदल्यांत राहती जागा नांवावर करून घेण्याची वाट खुली झाली. पण तोंवर कुटुंबें वाढलीं होतीं, आणि वाढत्या माणसांनीं बराकींच्या पुढें, मागें व माथ्यावर जमेल तसें बांधकाम चालविलें होतें. पुढेंहि तें थांबलें नाहीं. अखेर उल्हासनगरांतील अनधिकृत बांधकामें नियमित करण्यासाठीं महाराष्ट्र विधिमंडळास २००६ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. २०११ च्या शिरगणतींत या नगराची वस्ती पांच लक्षांवर गेलेली होती.

यावरून बराकी देणें चुकलें, असें कोणी समजूं नये. त्या बराकी नसत्या, तर तीं ८० हजार माणसें मुंबईच्या पदपथांवर व उपनगरांतील चाळींच्या दारांशीं आलीं असतीं. घाटकोपर-मुलुंडच्या भाडेकरूस बराकींत जागा मिळाली नाहीं. पण त्याच्या खोलीवर येणारा ताण त्या बराकींनीं आपल्या अंगावर घेतला. पुढील पावसाळ्यापूर्वीं माणसें छपराखालीं आणणें हें त्या वेळचें पहिलें कर्तव्य होतें आणि रिकाम्या लष्करी इमारतींवांचून तें इतक्या त्वरेनें पार पडलें नसतें.

उणीव राहिली ती पुढच्या पावलांत. छप्पर एका आठवड्यांत देतां येतें. परंतु पाणी, रोजगाराची वाट आणि मालकीचा कागद या तीन गोष्टींचा विचार त्याच आठवड्यांत आरंभिला पाहिजे. ज्यास उद्यां आपल्याला येथून उठवतील कीं काय हें ठाऊक नसतें, तो भिंत पक्की बांधीत नाहीं, किंवा बांधतो ती चोरून बांधतो. सरकारच्या ताब्यांत जेथें जेथें रिकाम्या इमारती असतील व शेजारीं माणसें उघड्यावर असतील, तेथें दार उघडण्यापूर्वीं त्या दाराची किल्ली अखेर कोणाच्या हातीं राहणार, हें ठरवून ठेवावें.