‘अरुणोदय’ आणि मैत्रीची कसोटी : एकोणिसाव्या शतकातील एका ख्रिस्ती तरुणाची जडणघडण

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे नाव मुख्यतः ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीमुळे घेतले जाते. इ. स. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र मात्र बहुधा धर्मांतराची हकीकत म्हणूनच वाचले गेले. ख्रिस्ती वाचकाने त्यात साक्ष पाहिली, तर हिंदू वाचकाने प्रचार पाहिला. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट बाजूला राहिली. हे पुस्तक एका मुलाच्या वाढण्याचेही पुस्तक आहे. पदमनजींनी इ. स. १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते अवघ्या तेविशीत होते. त्यापूर्वीची वर्षे त्यांनी कुटुंब, शाळा आणि समवयस्क मित्र यांच्यातच घालविली. त्या पिढीतील तरुणांना नवा विचार पटणे फारसे अवघड नव्हते. अवघड होते ते मित्रांसमवेत बंद दाराआड केलेली गोष्ट उजेडात करणे, अशी मांडणी प्रस्तुत निबंधात केली आहे.

साधनाविषयी आरंभीच एक सावधगिरी नोंदविणे आवश्यक आहे. ‘अरुणोदय’ प्रसिद्ध झाले तेव्हा लेखक सत्तावन्न वर्षांचा होता आणि बाप्तिस्म्याला तीन तपे होत आली होती. पाळक, कोशकार व धर्मग्रंथांचा भाष्यकार म्हणून त्याची प्रतिष्ठा प्रस्थापित झालेली होती. म्हणजेच तरुणाचे मनोगत येथे प्रौढाच्या लेखणीतून येते. ज्याला प्रवासाचा शेवट ठाऊक आहे त्याला वाटेतील प्रत्येक वळण त्या शेवटाकडेच जाणारे दिसते. पुस्तकाच्या नावातील पहाटेची प्रतिमाही हेच सांगते. तथापि सिद्धान्तकथनापेक्षा दैनंदिन तपशिलांत हे पुस्तक अधिक बोलके आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ते तपशीलच अधिक उपयोगी पडतात.

बेळगाव ते मुंबई

पदमनजींचा जन्म बेळगावच्या कासार कुटुंबातला. देवपूजा, व्रतवैकल्ये आणि पुराणश्रवण यांनी भरलेल्या घरात त्यांचे बालपण गेले. येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नव्या धर्माकडे वळलेला हा मुलगा धर्माविषयी उदासीन नव्हता. श्रद्धेची सवय त्याला घरातच लागलेली होती. पुढे बदलले ते श्रद्धेचे आलंबन. मिशनरी शाळेने कोऱ्या पाटीवर लिहिले, ही कल्पना म्हणूनच टिकत नाही.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम इ. स. १८२० पासून चालू होते. तेथून मुंबईला आल्यावर पदमनजींचा संबंध फ्री चर्च मिशनच्या शाळेशी आला. स्कॉटलंडमधील चर्चची इ. स. १८४३ मध्ये फाटाफूट झाल्यावर डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी या नव्या चर्चकडे गेले होते. या शाळांत निरनिराळ्या जातींची मुले एका बाकावर बसत. आज मुळशी तालुक्यातील घोटावड्यासारख्या गावातून पुण्याच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलाला शेजारी कोण बसले आहे याचे नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र वर्गातील शेजार आणि घरच्या पंगतीतील शेजार हे दोन वेगळे जग होते, आणि मुलाला रोज एका जगातून दुसऱ्यात ये-जा करावी लागे.

या ये-जा करण्याची पालकांना वाटणारी धास्ती निराधार नव्हती. इ. स. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईत मोठी खळबळ उडाली. इ. स. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा न्यायालयाच्या निर्णयाने वडिलांकडे परत आला. परंतु मिशनऱ्यांकडे राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याचा पक्ष धरला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. श्रीपतने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. त्याचा ‘अपराध’ सहवासाचा आणि अन्नोदकाचा होता. हा एक प्रसंग समजून घेतला तर पुढील सारा प्रश्न उलगडतो : समाज मनातील मतांवर पहारा ठेवीत नव्हता, तो ताटावर आणि पाण्याच्या भांड्यावर पहारा ठेवीत होता.

परमहंस सभा : गुप्त मैत्री

इ. स. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांचे स्नेही यांनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, सर्व माणसांनी बंधुभावाने वागावे, ही तिची तत्त्वे. सभासद होणाऱ्याने परधर्मीयाने भाजलेला पाव सर्वांसमक्ष खावयाचा, ही तिची कसोटी. मात्र हे ‘सर्व’ म्हणजे खोलीतले सर्व. सभेचे कामकाज गुप्त असे. सभासदांची संख्या पुरेशी वाढल्यावर जातिबंधने उघडपणे झुगारावीत, असा विचार होता. तरुण पदमनजी या सभेचे सभासद होते, आणि सभेच्या अंतरंगाविषयी जी माहिती आज उपलब्ध आहे तिच्यासाठी अभ्यासकांना त्यांच्या लेखनाकडे वळावेच लागते.

पावाच्या त्या तुकड्यात एका पिढीची मैत्री सामावलेली आहे. ज्याने ज्याच्यासमक्ष तो खाल्ला त्याचे गुपित त्याच्या हाती गेले. असा परस्परविश्वास रक्ताच्या नात्यातही क्वचित आढळतो. परंतु हाच विश्वास त्या मैत्रीची मर्यादाही होता. खोलीबाहेर पडताच प्रत्येकजण आपापल्या ज्ञातीत परतत असे. त्यांना भित्रे ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. घरी आई होती, पत्नी होती, बहिणीचे लग्न व्हावयाचे होते. बहिष्काराचा फटका पाव खाणाऱ्यापेक्षा पाव न खाणाऱ्यांना अधिक बसणार होता. इ. स. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क सुरक्षित केला. पण सणाला लेक माहेरी येईल की नाही हे कोणत्याही कायद्याच्या हाती नव्हते.

पुढे इ. स. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. तिच्यातील आत्माराम पांडुरंगांसारखी मंडळी इ. स. १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत दिसतात. पदमनजींनी त्याच्या कितीतरी आधी वेगळी वाट धरली होती. बाप्तिस्मा हा स्वभावतःच उघड विधी आहे. पदमनजींच्या निर्णयात ख्रिस्ती सिद्धान्तांची ओढ होती यात शंका नाही. परंतु गुप्त जीवनाचा उबग हेही त्याचे एक कारण मानले पाहिजे. ‘यमुनापर्यटन’ या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण म्हणून ती गौरविली गेली, ते योग्यच. पण तिच्यातील विनायक व यमुना हे जोडपे मनाने नव्या श्रद्धेकडे झुकलेले आणि जनरीतीने हिंदू असे दुहेरी जीवन जगते. यमुना उघडपणे ख्रिस्ती होते ती पतिनिधनानंतर. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी लिहिलेल्या या कथेत लेखकाची स्वतःची मागची वर्षे डोकावतात, असे म्हणण्यास जागा आहे.

पुण्याचे उदाहरण

गुप्तता किंवा विच्छेद, एवढे दोनच मार्ग त्या पिढीपुढे होते काय? पुण्यातील एक समकालीन उदाहरण याला अपवाद म्हणून पुढे येते. जोतीराव फुले यांचे माध्यमिक शिक्षण स्कॉटिश मिशनच्याच शाळेत झाले. सदाशिव बल्लाळ गोवंडे व मोरो विठ्ठल वाळवेकर हे ब्राह्मण मित्र त्यांना त्याच काळात लाभले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. इ. स. १८४८ पासूनच्या मुलींच्या शाळांच्या कामात ही मैत्री उघडपणे टिकली. त्यासाठी फुल्यांना घर सोडावे लागले, ही किंमत कमी नव्हे. तरीही मुंबईच्या सभेत मैत्रीला एक कसोटी मिळाली होती, तर पुण्यात मैत्रीला एक काम मिळाले होते. हा फरक मूलगामी वाटतो. पदमनजींनीही इ. स. १८५२ मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्यापूर्वीच, स्त्रीविद्याभ्यासावर निबंध लिहिला होता. पुढे इ. स. १८६७ ते १८७३ या काळात ते फ्री चर्चचे पाळक म्हणून पुण्यातच राहिले, आणि त्या कालखंडाच्या अखेरीस याच शहरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

नित्याची श्रद्धा

श्रद्धा स्वयंपाकघरात कशी जगते याचे मराठीतील सर्वांत जिवंत चित्रण पदमनजींच्या नव्हे, तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) मध्ये आहे. नारायण वामन टिळकांनी इ. स. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी इ. स. १९०० मध्ये. मधल्या काळात पतीसमवेत राहू लागल्यावरही त्यांनी आरंभी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. एकाच छपराखाली दोन चुली! पदमनजींच्या गंभीर निवेदनात जे ताण सूचित होतात ते येथे विनोदाने आणि निर्भयपणे उघड होतात. लक्ष्मीबाईंचा बदल ग्रंथवाचनाने नव्हे, तर पाणी कोणाच्या हातचे प्यावे या रोजच्या प्रश्नातून घडत गेला.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस पदमनजींच्या पिढीची जुनी अडचणच हाती घेतली. बाप्तिस्म्याच्या रेषेने स्नेह्यांना दोन बाजूंना उभे करू नये, या जाणिवेतून त्यांनी इ. स. १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचे शिष्यत्व मानणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंनाही त्यात स्थान होते, आणि तेही उघडपणे. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांच्यामागे हा दरबार फार काळ टिकला नाही.