चौकटीत न बसलेले रक्त

रक्तगट चार : ए, बी, एबी आणि ओ. ‘ओ’ गटाचे रक्त कोणालाही चालते. हे आपण वर्गात शिकवतो आणि मुलांकडून पाठही करून घेतो. पण मुंबईतील डॉ. भेंडे, देशपांडे व भाटिया यांच्यासमोर तीन व्यक्तींचे असे रक्त आले, की ते या पाठांतरात बसेना.

या रक्तातील तांबड्या पेशींच्या गुठळ्या ए-विरोधी द्रवाने होत नव्हत्या, बी-विरोधी द्रवानेही होत नव्हत्या. म्हणजे नियमाप्रमाणे गट ‘ओ’. परंतु याच व्यक्तींच्या रक्तद्रवात ‘ओ’ गटाच्या पेशी मिसळल्या, की त्यांच्या गुठळ्या होत! अशा रुग्णाला नेहमीचे ‘ओ’ रक्त दिले, तर ते जिवावर बेतू शकते.

अशा वेळी दोन वाटा असतात. ‘तपासणीत काही चुकले असेल’ म्हणून परीक्षानळी धुऊन ठेवायची. किंवा पुन्हा तपासून, जे दिसले ते जसेच्या तसे लिहायचे. या मंडळींनी दुसरी वाट धरली. लंडनमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला छोटासा वृत्तांत १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. व्यक्ती मोजून तीन. पण जगाला ‘बॉम्बे रक्तगट’ माहीत झाला.

याचा उलगडा असा. ए आणि बी हे पदार्थ ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. ‘ओ’ गटात नुसता पाया असतो. बॉम्बे गटात पायाच नसतो. म्हणून ‘ओ’ रक्तातील एचसुद्धा शरीराला परका वाटतो. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच असे घडते. या व्यक्तींना फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. मुंबई परिसरात साधारण दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची आढळते. युरोपात तर दहा लाखांत एखादीच.

रुग्णवृत्तांतात काय पाहिले, कोणत्या चाचणीने पाहिले, हे आधी लिहायचे. अर्थ नंतर लावायचा. रुग्णाची ओळख मात्र उघड करायची नाही.

आपल्या प्रयोगवह्यांचे काय? उत्तराशी न जुळणारा आकडा खोडून ‘बरोबर’ आकडा लिहिणारा विद्यार्थी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो आकडा न खोडता, खाली ‘असे का?’ एवढेच लिहायला आपण त्याला सांगू या.