वऱ्हाडातील वीज आणि रेडिओची घुरघुर

वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणून जिचा लौकिक, ती वाशीम इंग्रजी अंमलात 1905 पर्यंत जिल्ह्याचे ठाणे होती, पुढे अकोला जिल्ह्यात विलीन झाली आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा जिल्हा म्हणून सरकारी दप्तरी दाखल झाली. मात्र घराघरांतील जीवनक्रम पालटला तो या फेरबदलांनी नव्हे, विजेने.

16 जुलै 1948 रोजी नागपूर आकाशवाणी सुरू झाली, तेव्हा वीज नसलेल्या खेड्यात रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे आणि 90 व्होल्टांची जाडजूड कोरडी बॅटरी विकत आणावी लागे. बॅटरी महाग खरी, पण तिचा प्रवाह निर्मळ असल्याने ध्वनीत घुरघुर नसे. पुढे 1960 साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले, तारा गावोगाव पोहोचल्या, ट्रान्झिस्टर आले आणि सेलचा खर्च वाचवण्यासाठी लोकांनी सेलऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवणारे ‘एलिमिनेटर’ घेतले. स्वस्त एलिमिनेटरात विजेचे हेलकावे सपाट करणारा कपॅसिटर तोकडा असे. सेकंदाला पन्नास आवर्तनांची वीज डायोडांच्या पुलातून गेली की शंभर हेलकाव्यांची होते, आणि तेच हेलकावे भावगीताच्या पाठीशी भुणभुणत राहत.

1970च्या दशकात तीन पायांचा 7805 हा रेग्युलेटर आला आणि हौशी कारागिराला पाच व्होल्टांचा स्थिर पुरवठा घरीच उभारता येऊ लागला. त्याची एक अट मात्र असते: आत येणारा दाब सात व्होल्टांच्या खाली उतरता कामा नये. रब्बीत कृषिपंप एकदम सुरू झाले, की 230 चे 170 व्होल्ट होणे वऱ्हाडात नवलाचे नाही. अशा वेळी नऊ व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर सुमारे साडेसहाच देतो. त्याचे शिखर सव्वानऊच्या आसपास, त्यातून डायोडांचे दीड वजा जाता पावणेआठ उरतात. 1000 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर 100 मिलिअँपिअर भार असता आणखी एक व्होल्ट हेलकाव्यात जातो, आणि सातची रेषा ओलांडली जाते. म्हणजे घुरघुर परतली! (दोष मात्र बिचाऱ्या रेग्युलेटरला मिळतो.) कपॅसिटर 2200 चा घातला तर हेलकावा निम्म्याहून कमी होऊन काम भागते.

आजचे मोबाइल चार्जर हलके नि स्वस्त. परंतु त्यांतील अतिशीघ्र स्विचिंगचा गोंगाट रेडिओ वा ध्वनिवर्धकाच्या नाजूक मंडलात शिरतो. म्हणून आमचा कौल अद्याप जड ट्रान्सफॉर्मरलाच आहे: वाशीमकडे सहाचा तर नकोच, नऊपेक्षाही बाराचा घ्यावा, रेग्युलेटरला उष्णता टाकण्यासाठी पत्रा जोडावा आणि प्राथमिक बाजूस फ्यूज विसरू नये.