खरं कुठे बोलायचं? : ‘पर्सेपोलिस’ आणि इराणची क्रांती

आज आपल्यासमोर जे पुस्तक आहे ते चित्रांचं आहे. काळ्या-पांढऱ्या चौकटी, जाड रेघांची माणसं आणि थोडासा मजकूर. चित्रकथा म्हटलं की आमच्या पिढीला ‘अमर चित्रकथा’ आठवते, आणि मग वाटतं, हा तर पोरासोरांचा प्रांत, इतिहासाच्या व्याख्यानात याचं काय काम? काम आहे. ‘पर्सेपोलिस’ हे मर्जान सात्रापी या इराणी चित्रकर्तीचं आत्मकथन. २००० ते २००३ या काळात ते फ्रेंचमध्ये चार भागांत निघालं, २००७ साली त्याचा चित्रपट झाला. लेखिकेचा जन्म १९६९चा. म्हणजे क्रांती झाली तेव्हा ही मुलगी नऊ-दहा वर्षांची होती.

तारखा झटपट सांगून टाकू. १६ जानेवारी १९७९ला शहा मोहम्मद रझा पहलवी देश सोडून गेले. १ फेब्रुवारीला आयातुल्ला खोमेनी परतले. एप्रिलमध्ये इस्लामी प्रजासत्ताक जाहीर झालं. सप्टेंबर १९८०मध्ये इराकने हल्ला केला आणि ते युद्ध १९८८पर्यंत चाललं. या क्रांतीला तिकडेही ‘इन्किलाब’च म्हणतात; शब्द आपल्या कानाला परका नाही. आणि ही क्रांती एकट्या मुल्लांनी केलेली नव्हती, हे विसरायचं नाही. तिच्यात डावे होते, राष्ट्रवादी होते, बाजारातले व्यापारी होते, विद्यार्थी होते. मर्जानचे आईवडील त्यांतलेच, तेहरानमधले सुस्थितीतले, डाव्या विचारांचे, रोज मोर्च्याला जाणारे. आजोबांचं घराणं तर काजार राजवंशातलं. घरात मोटार आहे, कामाला बाई आहे आणि कपाटात मार्क्स आहे. आपल्याकडेही अशी घरं आपण पाहिलेली आहेत.

ही मुलगी शिकते कशी, ते बघा. तिच्याकडे द्वंद्वात्मक भौतिकवादावरचं एक चित्रपुस्तक आहे. त्यात देकार्त म्हणतो की बाहेरचं जग हे आपल्या कल्पनेचं प्रतिबिंब आहे. मार्क्स त्याच्या डोक्यात दगड घालतो. संपला वाद! (तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे आम्हाला इथे बोलावंच लागतं : देकार्त असं काही म्हणाला नव्हता, ते मत बर्कलीच्या जवळचं आहे. पण दगड सोयीचा असला की कुणाच्या डोक्यात पडतोय हे कोण बघतं?) मर्जानच्या कल्पनेतला देव आणि मार्क्स दिसायलाही सारखेच आहेत, फक्त मार्क्सचे केस जरा कुरळे. तिला मोठेपणी प्रेषित व्हायचं आहे.

आता खरा मुद्दा. या पुस्तकाबद्दल बोलताना सगळे बुरख्याबद्दल, युद्धाबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. १९८०मध्ये शाळेत मुलींना डोकं झाकणं सक्तीचं झालं, मुलं-मुली वेगळी झाली, तिची फ्रेंच-फारसी शाळा बंद झाली. पुस्तकाची सुरुवातच तिथून होते. पण आमच्या मते पुस्तकाच्या मुळाशी वेगळा प्रश्न आहे. तो असा की क्रांती मुलाला खोटं बोलायला कशी शिकवते?

शाळेतला प्रसंग घ्या. शहा गेल्यावर शिक्षिका वर्गात सांगते की पाठ्यपुस्तकातले शहांचे सगळे फोटो फाडून टाका. शहाला देवानेच निवडलंय, हे शिकवणारी बाई हीच! मुलगी उठून विचारते. शिक्षा होते. मोठी माणसं रात्रीत शब्द बदलतात, आणि तो बदल पोराच्या लक्षात आला तर गुन्हा पोराचा.

मग घरी धडे सुरू होतात. आईवडील सांगतात, कुणी विचारलं तर सांग, मी दिवसभर नमाज पढते. गल्लीतल्या पोरांत चढाओढ लागते. एक म्हणतो मी पाच वेळा, तर ही म्हणते दहा-अकरा वेळा. वाचताना हसू येतं. पण त्या घराचा विचार करा. वडील प्रामाणिक, आई इतकी धीट की मोर्च्यातला तिचा फोटो वर्तमानपत्रात छापून आलाय आणि त्यापायी तिला केस रंगवून, काळा चष्मा लावून फिरावं लागतंय. अशी माणसं मुलीला काय शिकवतात? तर खोटं बोल. आमचा कान्ट म्हणतो, खुनी दारात उभा राहिला तरी खोटं बोलू नये. कान्टच्या दारात कुणी क्रांतीचे रखवालदार येऊन वडिलांच्या तोंडाचा वास घेत नव्हते.

इथे साक्षीबद्दल थोडं बोलू. आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाचे दोन भाग केले, स्मृती आणि अनुभव, आणि प्रमा म्हणून मान दिला तो यथार्थ अनुभवाला. स्मृती ही संस्कारातून उठते, तिला तो मान नाही. मग आत्मकथनाला इतिहास मानायचं का? एक उदाहरण बघू. १९ ऑगस्ट १९७८ला अबादान शहरातलं रेक्स चित्रपटगृह पेटवलं गेलं, दारं बंद होती, सुमारे चारशे माणसं मेली. सरकार म्हणालं, हे धर्मांधांचं काम. पुस्तकात मात्र लोकांना पक्कं ठाऊक असतं की हे शहानेच केलंय. पुढच्या काळातलं संशोधन धार्मिक अतिरेक्यांकडेच बोट दाखवतं. मग पुस्तक खोटं ठरलं का? नाही. आग कुणी लावली हे त्यातून कळत नाही, पण सरकार खरं बोलतंय यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता, हे कळतं. राज्यकर्त्यांचा शब्द एकदा पडला की त्यांचं खरंही खोटं ठरतं. शहा त्यातच गेला. ही साक्ष इतिहासाला हवीच आहे.

पुस्तकाच्या खोटेपणाच्या हिशोबात सगळ्यात जड पान किल्ल्यांचं. गरीब वस्तीतल्या शाळांत मुलांना सोनेरी रंगाच्या प्लास्टिकच्या किल्ल्या वाटल्या जातात. युद्धात मेलास तर हिने स्वर्गाचं दार उघडेल! मर्जानच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा मुलगा अशीच एक किल्ली घेऊन येतो. पुढे एका पानावर दोन चित्रं आहेत. वर सुरुंगांच्या स्फोटात उडणारी पोरं, नुसत्या काळ्या आकृत्या, गळ्यात किल्ल्या. खाली मर्जानची पहिली पार्टी, भोकाभोकांचा स्वेटर घालून नाचणारी शहरी मुलं. त्यांच्या गळ्यातही साखळ्या आहेत. या पानावर लेखिकेने स्वतःच्या वर्गाला सोडलेलं नाही. दहा पानांचा निबंध लिहूनही आम्हाला हे इतक्या थोडक्यात मांडता आलं नसतं.

घरातलं मरणही येतं. अनूशकाका कम्युनिस्ट, शहाच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढलेला. तुरुंगात त्याने भाकरीच्या लगद्याचा हंस केलेला असतो, तो तो पुतणीला देतो. क्रांतीने सोडवलेल्या या माणसाला क्रांतीच रशियाचा हेर ठरवून मारते. त्या दिवशी मुलगी देवाला हाकलून लावते.

१९८४मध्ये, चौदाव्या वर्षी, तिला व्हिएन्नाला पाठवतात. तिथली वर्षं आपण आज सोडून देऊ; तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. निघण्याच्या आदल्या रात्री आजी तिला कुशीत घेऊन एवढंच बजावते की स्वतःशी प्रामाणिक राहा.

आणि ती परत आल्यावर काय होतं? विद्यापीठात प्रवेशासाठी विचारसरणीची परीक्षा आहे. मुल्ला विचारतो, नमाज येतो का? ती खरं सांगते : येत नाही, मला अरबी येत नाही, देवाशी मी माझ्याच भाषेत बोलते. मुल्ला तिला पास करतो! खरं बोलणारी ही एकच निघाली म्हणून. पण पुढे एकदा ती ओठ रंगवून रस्त्यात उभी असते आणि रखवालदारांची गाडी येते. घाबरून ती शेजारच्या अनोळखी माणसाकडे बोट दाखवते, हा मला घाणेरडं बोलला. ते त्या निरपराध माणसाला धरून नेतात. घरी येऊन ती हे आजीला मजेत सांगते. आजी भडकते, आणि तिच्याशी बोलणंच टाकते. तुरुंगाच्या आणि युद्धाच्या पानांपेक्षा हे पान आम्हाला जड जातं. इथे खोटं वरून लादलेलं नाही, ते आता हिच्या हाताला आलंय. आणि हे कुणी उघडकीला आणलेलं नाही, तिने स्वतःच काढून छापलंय.

पुढे विद्यापीठात मुलींच्या पोशाखावर उपदेशाची सभा होते. त्यात ती उठून विचारते की ही सगळी बंधनं आम्हालाच का, मुलांनी घट्ट कपडे घातलेले कसे चालतात? सगळ्यांना वाटतं, आता हिला काढून टाकणार. बोलावणं येतं ते त्याच मुल्लाचं. तो तिला सांगतो, मग तूच मुलींचा गणवेश तयार कर. ती करतेही. आणि सभेत हिने काय विचारलं ते कळल्यावर आजी तिच्याशी पुन्हा बोलू लागते.